दिव्यांच्या फळीची पाठ

काका,

माझ्या हातानं काय काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते तुम्हाला नीट कळेल. बाभळीच्या बाजा, सागाचे देव्हारे, पाळणे. अंकुशनगरच्या कारखान्यातली जेवायची लांब बाकडी, ज्यांचा एकही पाय अजून डुगडुगत नाही. अंबडच्या कोर्टात साक्षीदार ज्याला धरून उभा राहतो तो कठडा. मंठ्याच्या एका डॉक्टरचं औषधांचं कपाट. बुद्धविहारातलं ग्रंथांचं काचेचं कपाट. मोहरमच्या ताबुताचा सांगाडा, ज्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. यातलं मला कुणी शिकवलेलं नाही. आमचं शेतीचं घर, जातीनं मी सुतार नव्हे, आणि वखारीतले मिस्त्री मला रंध्याला हात लावू देत नव्हते. ते भाकरी खायला बसले की मी टाकाऊ फळ्यांवर हात चालवायचो. तुम्हीसुद्धा मला शिकवलं नाही. तुम्ही वखारीत येऊन बसायचात, माझं काम बघायचात आणि दोनच शब्द बोलायचात, ‘परत कर.’ याला शिकवणं म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणत नाही. या यादीत शेवटी राहिली तुमची दिव्यांची फळी. तिच्यासाठी मागच्या आठवड्यात माझ्या दारात एक संग्रहालय आलं.

संग्रहालय आलं म्हणजे गाडी आली. त्याआधी फोन आला. एक बाई अगदी गोड, शुद्ध मराठीत म्हणाली, ‘दादा, तुमच्याकडे हनुक्काचा, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचा दिवा आहे असं कळलं.’ आहे किंवा नाही यातलं काहीच मी बोललो नाही. मी विचारलं, ‘कुणाकडून कळलं?’ तर काका, तिनं तुमच्या भाचीचं नाव घेतलं. परदेशात एका मोठ्या शहरात ज्यू लोकांचा इतिहास, त्यांची कला, त्यांची राहणी जपणारं एक संग्रहालय आहे, त्यांना हिंदुस्थानातल्या तुमच्या लोकांच्या वस्तूंचं एक दालन करायचंय. तुमच्या भाचीनं त्यांना एक जुना फोटो दिला. त्यात तुम्ही जालन्याच्या खोलीत उभे आहात, हातात काडी, भिंतीवर फळी, फळीवर दिवे. ‘आणि फळी कुठं गेली असं मी त्यांना विचारलं,’ बाई म्हणाली, ‘तर त्या म्हणाल्या, तिथल्या कुण्या सुतारानं नेली.’ काका, नेली म्हणे. फोन ठेवल्यावर मी तेवढंच घोळवत राहिलो. दिली नाही, नेली. दोन दिवस मी दुकानातून दुपारचा घरी येऊन बसलो, दार आतून लावून. बायको म्हणाली, ‘अवो, चोरीचा माल असल्यावानी दार काहून लावून घेऊन राह्यले? त्या फळीला पाय फुटनार हायेत का?’ मी म्हटलं, ‘पाय न्हाई, गाडी फुटनार हाय.’ आणि तिसऱ्या दिवशी गाडी आलीच.

तुम्ही नेमके कोण, हे जालन्यात किती जणांना ठाऊक होतं? हिंदूंना तुम्ही मुसलमान वाटायचात, मुसलमानांना ख्रिश्चन, आणि चर्चवाले म्हणायचे, हे गृहस्थ आमच्यात कधी दिसले नाहीत बुवा. रेल्वेत डब्यांचं लाकूडकाम करून तुम्ही रिटायर झालात, काकी गेल्या, तुमचे सगळे सोयरे मुंबईला नाहीतर इस्रायलला, आणि तुम्ही एकटे स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत राहिलात. मी एकदा सरळच विचारलं, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, ‘आम्ही इस्रायली. कोकणात आमच्या बापजाद्यांना शनवार तेली म्हणायचे. शनवारी घाणा बंद.’ मला ते पटलं नव्हतं. शनिवारी वखारीत येत नाही म्हणून काहीतरी सांगतायत, असं वाटलं होतं. मंग मी पाळत ठेवली. तुम्ही खरंच शनिवारी कधी आला नाहीत, एका पावसाळ्यात छप्पर गळून राह्यलं होतं तरी शनिवारी त्याला हात लावला नाहीत. तुमच्या दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला एक तिरपी नळी होती, आत प्रार्थनेचा कागद, तिला येताजाता बोटं लावून ओठाला न्यायचात. एकदा तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला मलिदा दिला, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याचे काप. ‘नवसाचं आहे,’ म्हणालात. मी आधी तुम्हाला खाताना बघितलं, मग खाल्लं. तुम्ही ते ओळखलंत आणि म्हणालात, ‘संशयी माणूस चांगला सुतार होतो. माप दोनदा घेतो.’

गाडीतून दोघं उतरले. फोनवरची बाई, साधारण माझ्याच वयाची, तुमच्याच लोकांतली, मुंबईत वाढलेली. सोबत संग्रहालयाचा एक उंच गोरा माणूस, कॅमेरा आणि एक छोटी पेटी घेऊन. त्यानं कुणी न सांगता बूट बाहेर काढले. मला वाटलं, शिकवून पाठवलंय. बायकोनं चहा केला, बाईनं चहाची तारीफ केली, आणि मी अजून सावध झालो. खेड्यांतून जुनी पितळी भांडी, समया गोळा करत फिरणारे लोक मी पाहिलेत. आधी म्हातारीच्या हातच्या चहाची तारीफ करतात, मग माळ्यावरचं घंगाळ वजनावर घेऊन जातात. म्हणून मी खडा टाकून बघितला. फळीकडे बोट करून म्हटलं, ‘शंभर वर्षांची हाय मॅडम. सव्वाशे म्हणा.’ बाई उठली, जवळ गेली, हात मागं बांधून बघितलं, आणि म्हणाली, ‘नाही दादा. हे स्क्रू मशीनचे आहेत. आणि फळी नवीन सागाची आहे, जुन्या वाड्याची उतरवलेली नाही. तुमच्या तरुणपणातली असेल.’ बायको आतून म्हणाली, ‘घ्या, तुमचंबी वय सांगितलं त्यांनी.’

मग बाईनं मला विचारलं की कुठला दिवा कशासाठी, तुम्हाला काही सांगितलं होतं का. मी सांगितलं. आठ कड्या एका ओळीत, एकाच उंचीवर, त्यात पेले, पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल, त्यावर वात. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं वाढत आठ. आणि वरची नववी कडी वेगळी, ती काकींसाठी. बाई म्हणाली, ‘काकींसाठी?’ मी म्हटलं, ‘तो दिवा लावताना ते थांबायचे. मी रोज बघायचो.’ तिनं हळूच सांगितलं की नववा दिवा चाकर असतो. त्यानं बाकीचे आठ पेटवायचे, तेवढंच त्याचं काम, म्हणून त्याची जागा ओळीबाहेर. माझे कान तापले. इतकी वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ठासून सांगत आलो की वरचा दिवा म्हातारीचा. तुम्ही कधी तसं म्हणाला नव्हतात, हे खरं. पण तुम्ही थांबायचात, हेही खरं. तेवढं मात्र मी बाईपुढं सोडलं नाही.

तेवढ्यात त्या गोऱ्या माणसानं खिशातून पेनाएवढी बॅटरी काढून फळीच्या मागं उजेड टाकला. फळी भिंतीला चिकटून नाही, मागं चार कोपऱ्यांत चार लाकडी ठोकळे आहेत, मधे फट. तो काहीतरी बोलला. बाई म्हणाली, ‘ते विचारतायत, हे ठोकळे कशासाठी?’ मी म्हटलं, ‘भिंतीला तेल लागू नये म्हणून. रेल्वेच्या माणसाची सवय, सगळ्याला पॅकिंग लावायची.’ तो परत वाकला. बॅटरी एका जागी थांबली. मला कळलं, त्याला दिसलंय. बाई म्हणाली, ‘दादा, फळी खाली काढाल का?’ मी म्हटलं, ‘कशाला? पुढून काय ते बघा की.’ बायको दारात उभी, हातात कपबशा. सुतारानं नेली, हे वाक्य खोलीत उभं होतं. फळी काढली नाही तर ते खरं झालं असतं. काढली तर तुमचं आणि माझं काहीतरी उघडं पडणार होतं. मी काढली.

तो दिवस मला अजून तसाच दिसतो. तुमच्या वडलांची जुनी फळी वाळवीनं खाल्लीय, दिव्यांचा सण तोंडावर आलाय, तुमचे हात थरथरतात म्हणून तुम्ही मला काम देताय. वखारीच्या फरशीवर खडूनं आकृती काढताय, एवढी लांब, एवढी रुंद, कड्या अशा. ‘दारापाशी लावायची आहे, नळीच्या समोरच्या बाजूला,’ एवढं सांगून तुम्ही गेलात. मी विशीतला, पहिलं असं काम की ज्यात कुणी माझ्यावर भरवसा टाकला. दारापाशी लावायचं लाकूड आणि त्यावर गणपती नाही, असं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडं चौकट कितीही दळभद्री असो, वर गणेशपट्टी असतेच, आणि ती न केलेला सुतार लोक दारात उभा करत नाहीत. म्हणून मी तुम्ही न सांगता, जास्तीचे पैसे न मागता, फळीच्या मधोमध गणपती कोरला. उठावाचा, सोंड डावीकडं, हातात मोदक. आठवडा घातला त्यात. तुम्ही आलात, फळी उचललीत. अंगठा सोंडेवरून खाली नेलात. मग म्हणालात, ‘सोंड चांगली आलीय.’ मी फुगलो. मग म्हणालात, ‘पण आमच्यात मूर्ती चालत नाही रे.’

मी म्हटलं, ‘मंग रंधा मारतो ना काका, पाच मिंटात साफ करतो,’ आणि रंधा उचलला. तुम्ही माझं मनगट धरलंत. ‘नको. फळी पातळ होईल. पलटी कर, पाठीवर काम कर.’ मी म्हटलं, ‘पन मागं देव ऱ्हाईल की.’ तुम्ही म्हणालात, ‘राहू दे. भिंतीकडं तोंड करून बसेल. आणि हे कुणाला बोलू नको.’ आठ कड्या, वर नववी, असं मी दुसऱ्या बाजूवर सगळं परत केलं. तुम्ही ती फळी घरी नेऊन स्वतः टांगलीत, आणि त्यानंतर दरवर्षी त्या आठ संध्याकाळी मी तुमच्याकडं यायचो. तुम्ही पुटपुटत दिवे लावायचात, मी दारात उभा असायचो. फळी पातळ होईल म्हणालात तुम्ही. काका, फळी दीड इंची होती. ती पातळ होणार नव्हती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आता खरं ते. तुम्हाला मुंबईला न्यायला भाची यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. फळी चादरीत गुंडाळून बांधून ठेवलेली. ‘ही तुझ्याकडं असू दे,’ म्हणालात. दुसऱ्या दिवशी भाची आली, टॅक्सीत सामान चढलं, ट्रंक, भांडी, काकींचं शिवणयंत्र, चौकटीवरची नळीसुद्धा काढून घेतली. भाची मोकळ्या भिंतीकडं बघून म्हणाली, ‘मामा, फळी कुठाय?’ आणि तुम्ही खिडकीतून रस्त्याकडं बघत बसलात. मी तिथंच उभा होतो. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. पुढं सहा-सात महिन्यांत तुम्ही गेल्याचं कळलं, तिकडंच माती दिली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच खिळा आहे. तुम्ही फळी मला दिलीत, की माझ्याकडं लपवलीत? मागं मूर्ती असलेला दिवा आपल्या माणसांत नेता येत नव्हता, फेकवत नव्हता, म्हणून ज्यानं घाण केली त्याच्याच गळ्यात घातलात? चांगलं काम केलं म्हणून दिली असती तर भाचीसमोर का दिली नाहीत? हे मी बायकोलाही कधी विचारलं नाही. तिनं उत्तर दिलं असतं, तिची उत्तरं तयार असतात.

फळी उलटी करून मी बाजेवर ठेवली. बाईनं तोंडावर हात घेतला आणि मग ती हसायलाच लागली. गोऱ्या माणसानं काहीतरी विचारलं, तिनं त्याला सांगितलं, तोही हसला. मला वाटलं, झालं, तमाशा झाला आपला. मी चादर ओढली. बाईनं चादर धरली. ‘दादा, हसले त्याचं वाईट मानू नका. माझ्या आजोबांना दाखवलं असतं तर ते एक महिना जेवले नसते, मग महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले असते.’ मग ती खाली वाकली आणि तिचा आवाज बदलला. ‘हे बघितलंत का? सोंडेला एक ओरखडा नाही. मोदकाचा कंगोरासुद्धा तसाच. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेली वस्तू आहे, दरवेळी दिवे लावताना, पुसताना हलणार, भिंतीला घासणार. ठोकळे तेलासाठी नाहीत, दादा. ठोकळे याच्यासाठी आहेत.’

इतकं गोड कुणी फुकट बोलत नाही. उद्या येतो म्हणून ते दोघं लॉजवर गेले, आणि ते गेल्यावर मी पट्टी घेतली. बाईचं ऐकून नव्हे, माप बघायला. सोंडेचा सगळ्यात वर आलेला भाग फळीपासून पाच सूत. ठोकळे सहा सूत. चारही सहा. मी दोनदा घेतलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. चहाचा कप बशीवर ठेवताना तुमच्या हातात वाजायचा, काका. त्या हातानं तुम्ही चार ठोकळे एका मापाचे कापलेत, सोंड भिंतीला टेकू नये एवढं मोजून. आणि मी इतकी वर्षं त्यांच्याकडं बघून मनात म्हणत होतो, रेल्वेवाला, पॅकिंग लावल्याशिवाय चैन नाही. बायकोनं विचारलं, ‘काय मोजून राह्यले?’ मी म्हटलं, ‘काही न्हाई, फळी वाकलीय का बघतो.’ ती म्हणाली, ‘फळी न्हाई वाकली. तुमचा आवाज कसा झाला बघा.’

म्हणजे लपवायची होती ती गोष्ट तुम्ही इतकी जपली होती. मग दिलीच होती, असं मी धरतो. धरतो म्हणतो, कारण भाचीसमोर तुम्ही गप्प का बसलात, याचं माप कुठल्याच पट्टीवर निघत नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. बाईनं सगळं स्वच्छ सांगितलं, पैसे किती तेसुद्धा, हे तिच्या बाजूनं लिहितो. मी विचारलं, ‘लावणार कशी?’ ती म्हणाली, काचेच्या पेटीत, आणि मागं आरसा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. मी विचारलं, ‘आरसा न लावता, भिंतीला लावाल का? होती तशी? दिवे पुढं, पाठ मागं?’ तिनं थोडा विचार केला. हो म्हणून फळी गाडीत घालता आली असती तिला. ती म्हणाली, ‘नाही दादा, खोटं नाही सांगणार. अशा पुढच्या बाजू आमच्याकडे बऱ्याच आहेत. ही पाठ कुठेच नाही.’ मी म्हटलं, ‘त्यांच्या भाचीला हे चालेल का?’ तेव्हा ती गडबडली. काल लॉजवरून तिनं भाचीला पाठीचा फोटो पाठवला होता. ‘कुणाला विचारून?’ मी ओरडलोच. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाई म्हणाली, ‘चुकलं माझं. आनंदाच्या भरात पाठवला.’ मी आयुष्यभर माणसांवर संशय घेत आलो, दहात नऊ वेळा फुकट गेला, ही दहावी वेळ होती. ‘काय म्हणाल्या त्या?’ बाई म्हणाली, ‘म्हणाल्या, मामानं हे आम्हाला का नाही दाखवलं?’

तिथं माझं ठरलं. बाई समजावत राहिली, की ही लाजेची गोष्ट नाही, दोन धर्मांची माणसं एका फळीवर कशी राहिली ते लोकांना कळेल, पोरं बघतील. तिचं खरं असेल. पण तुम्ही आपल्या भाचीला जे दाखवलं नाहीत, ते मी जगाला आरसा लावून कसं दाखवू? भाची आता म्हातारी आहे. ती इथं आली तर फळी तिच्या हातात देईन, पाठीसकट, तिनं रंधा मारला तरी चालेल. तेवढा निरोप मी बाईकडे दिला. गोऱ्या माणसाला मी कॅमेऱ्यातले पाठीचे फोटो माझ्यासमोर पुसायला लावले. त्यानं पुसले, पडदा फिरवून दाखवला. तरी त्याच्या पेटीत दुसरीकडं कुठं ठेवले असतील, असं मला वाटतंच. जाताना बाईनं फळीला हात लावून बोटं ओठाला नेली, तुम्ही नळीला करायचात तसं. ते तिनं मला दाखवायला केलं की स्वतःसाठी, कुणास ठाऊक. गाडी गेल्यावर बायको म्हणाली, ‘तुमचं नाव परदेशात लागनार व्हतं. हितं तर लाईटबिलावर अजून सासऱ्याचंच हाय.’

आता हे पत्र. तुम्हाला ते जाणार नाही हे मला कळतं, मी इतका साधा नाही. भाचीला पाठवावं असं वाटलं होतं. बाईनं पत्ता दिलाय. पाठवणार नाही, कारण त्यात एक गोष्ट आहे जी तिला वाचू द्यायची नाही. नाही म्हणायच्या आधी, मनात ‘नाही’ पक्कं ठरलेलं असताना, मी बाईला म्हटलं होतं, ‘तुमच्या त्या कार्डावर नाव कसं येईल ते जरा लिहून दाखवा.’ तिनं कागदावर लिहिलं, वर तुमचं, खाली माझं, आणि माझ्या नावापुढं फक्त ‘कारागीर’. तो कागद मी परत दिला नाही. तर नाकारलं ते नीट लिहून ठेवतो, कमी-जास्त न करता: काचेची पेटी, आरसा, दोघांची नावं, आणि दोन लाख चाळीस हजार रुपये.